सीसीएनएच्या राउटर लॅब: पॅकेट गेलं, पण परतीची वाट कोणाला ठाऊक आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहात, सीसीएनएची (सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राची) परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे आणि क्लासच्या पत्रकातल्या चाळीसेक राउटर लॅब करून झाल्या आहेत. पत्रक समोर असलं की सगळं चालतं. कोरी टोपोलॉजी (उपकरणं कशी जोडली त्याचा आराखडा) उघडली की पहिली कमांड कोणती द्यायची तेच सुचत नाही. जुने राउटर विकत घ्यावेत का, आणि किती कमांड पाठ कराव्यात?

राउटर विकत घेऊ नका आणि कमांड पाठ करायला बसू नका. रोज हात चालला की त्या बोटांत बसतात, अडलंच तर प्रश्नचिन्ह आणि टॅब आहेत. खरी अडचण वेगळी आहे. पत्रक काय टाइप करायचं ते सांगतं, पण ते टाइप केल्यावर राउटिंग टेबलात (राउटरच्या वाटांच्या यादीत) कोणती ओळ यायला हवी ते सांगत नाही. पिंग (समोरचा उत्तर देतो का ते बघायची कमांड) लागला की आपणही ते विचारत नाही आणि पुढच्या लॅबकडे वळतो. अशा चाळीस लॅब झाल्या तरी राउटर नेमका कसा निर्णय घेतो हे एकदाही पाहिलेलं नसतं.

मी पुण्यात नेटवर्कचं काम करते, आता १७ वर्षं झाली. नवीन आलेल्या मुलामुलींना मी पहिल्या आठवड्यात एकच सवय लावते. एंटर दाबण्याआधी ‘शो आयपी रूट’मध्ये काय दिसेल ते कागदावर लिहायचं आणि मगच कमांड द्यायची. लिहिलेलं आणि दिसलेलं जुळलं तर पुढे जायचं. जुळलं नाही तर त्या दिवशीची लॅब तिथून सुरू होते, कारण जे कळलेलं नाही ते नेमकं तिथेच असतं.

तुमच्या चाळीस लॅब बाजूला ठेवा आणि पुढचे तीन आठवडे एकच टोपोलॉजी वापरा. पॅकेट ट्रेसरमध्ये (नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सिस्कोच्या प्रोग्रॅममध्ये) तीन राउटर घ्या, २९११ मॉडेलचे, त्याला तीन गिगाबिट पोर्ट असतात. त्यांना आर१, आर२, आर३ अशी नावं देऊ नका. होस्टनेम पुणे, सातारा आणि कोल्हापूर ठेवा. हे पोरकट वाटेल, पण आर२ कुठे आहे ते डोळ्यांपुढे येत नाही, सातारा मध्ये आहे हे मात्र येतं. पॅकेट कुठे अडकलं याचा विचार करताना त्याचा फार उपयोग होतो.

पुण्याचं लॅन (स्थानिक नेटवर्क) १९२.१६८.१०.०/२४, साताऱ्याचं १९२.१६८.२०.०/२४, कोल्हापूरचं १९२.१६८.३०.०/२४. प्रत्येक लॅनवर एक स्विच आणि एक पीसी, शेवटचा आकडा राउटरला १ आणि पीसीला १०. पुणे-सातारा लिंक १०.०.१२.०/३०, त्यात पुणे १ (म्हणजे १०.०.१२.१) आणि सातारा २. सातारा-कोल्हापूर लिंक १०.०.२३.०/३०, त्यात सातारा १ आणि कोल्हापूर २. सध्या एवढंच. पुणे-कोल्हापूर थेट लिंक नंतर जोडू.

आयपी दिले, ‘नो शटडाऊन’ दिलं, की आधी ‘शो आयपी रूट’ बघा. एकही रूट लिहिलेला नसताना तिथे ओळी आहेत. प्रत्येक चालू इंटरफेसच्या दोन: सी अक्षराची जोडलेल्या नेटवर्कची, आणि एल अक्षराची त्या इंटरफेसच्या स्वतःच्या पत्त्याची, /३२ मास्कची. पुण्यावर चार ओळी दिसायला हव्यात. तीनच दिसल्या किंवा दोनच दिसल्या तर पुढे जाऊ नका. लॅनच्या बाजूचा स्विच जोडायचा राहिला असेल किंवा इंटरफेस बंद असेल. जो इंटरफेस अप-अप (केबल आणि जोडणी दोन्ही चालू) नाही, त्याचा रूट टेबलात येत नाही. हे वाक्य पुढे बरंच काम करणार आहे.

आता स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेली वाट. पुण्यावर दोन, २०.० आणि ३०.० या लॅनसाठी (म्हणजे १९२.१६८.२०.० आणि १९२.१६८.३०.०), नेक्स्ट हॉप (पुढच्या राउटरचा पत्ता) १०.०.१२.२. कोल्हापूरवर दोन, १०.० आणि २०.० साठी, नेक्स्ट हॉप १०.०.२३.१. साताऱ्यावर दोन, १०.० कडे १०.०.१२.१ मार्गे आणि ३०.० कडे १०.०.२३.२ मार्गे. नेक्स्ट हॉपचा पत्ताच लिहा. इथरनेटवर नुसतं बाहेर पडायच्या इंटरफेसचं नाव दिलं, तर राउटर प्रत्येक दूरच्या पत्त्यासाठी त्या लिंकवर एआरपी (आयपीवरून हार्डवेअरचा मॅक पत्ता शोधणारी हाक) विचारत बसतो, आणि समोरच्या राउटरने प्रॉक्सी एआरपीने, म्हणजे त्या पत्त्याच्या वतीने, उत्तर दिलं तरच गाडी पुढे सरकते.

पुण्याच्या पीसीवरून कोल्हापूरच्या पीसीला पिंग करा. पहिले एकदोन हुकतील, मग लागेल. ते हुकलेले पिंग म्हणजे चूक नाही. वाटेतला प्रत्येक जण पुढच्याचा मॅक पत्ता विचारत असतो, तेवढ्यात पहिलं पॅकेट वाया जातं. सिम्युलेशन मोडमध्ये एकदा हे पाऊल-पाऊल बघा. खऱ्या राउटरवर इतक्या सहज बघायला मिळत नाही, पॅकेट ट्रेसरचा हा मोठा गुण आहे.

पत्रकातली लॅब इथे संपते. माझी इथे सुरू होते. आता पुणे राउटरच्या कन्सोलवरून, पीसीवरून नव्हे, कोल्हापूरच्या पीसीला पिंग करा. पाच टिंबं येतील. एकही उद्गारचिन्ह नाही. तिथूनच साताऱ्याच्या पीसीला पिंग करा, तो लागतो. म्हणजे पुण्याचा पीसी कोल्हापूरला पोचतो, पण त्याच्याच दारातला राउटर पोचत नाही.

मी अनेकांना या जागी सगळे रूट पुसून पुन्हा लिहिताना पाहिलं आहे. तसं करू नका, दहा मिनिटं कागद घेऊन बसा. पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता कोणता पडला? पीसीवरून निघालेल्या पॅकेटवर १९२.१६८.१०.१० होता, आणि कोल्हापूरला १०.० चं लॅन माहीत आहे. राउटरवरून निघालेल्या पॅकेटवर मात्र तो ज्या इंटरफेसमधून बाहेर पडला त्याचा पत्ता पडतो, म्हणजे १०.०.१२.१. पॅकेट साताऱ्यावरून कोल्हापूरला व्यवस्थित पोचलं. पीसीने उत्तरही दिलं. ते उत्तर कोल्हापूर राउटरच्या हातात आलं, आणि त्याच्या टेबलात १०.०.१२.० ची ओळच नाही. तिथे ते टाकून दिलं गेलं. पुण्याला काहीच परत आलं नाही, म्हणून टिंबं.

पिंग लागत नाही तेव्हा आपण जाण्याची वाट तपासत राहतो. पॅकेट तर पोचलेलं असतं, परतीची वाट नसते. माझ्या कामातल्या राउटिंगच्या तक्रारींतला मोठा वाटा याच जातीचा असतो, आणि तरीही पत्रकात ही गोष्ट सहसा नसते, कारण त्या लेखकाने पिंग फक्त पीसीवरून करून बघितलेला असतो. पडताळायचं असेल तर पुणे राउटरवरून तोच पिंग ‘सोर्स’ शब्द जोडून लॅनच्या इंटरफेसच्या पत्त्यावरून द्या. लगेच लागेल. मग कोल्हापूरवर १०.०.१२.० चा रूट लिहा आणि ‘सोर्स’ शिवाय द्या. हेही लागेल. टिंब असेल तर उत्तर आलंच नाही, आणि यू हे अक्षर आलं तर वाटेतल्या कोणीतरी ‘इथून पुढे वाट नाही’ असं कळवलं. या दोन खुणांतला फरक ओळखता आला तर शोध अर्ध्यावर येतो.

आता पुणे-कोल्हापूर थेट लिंक जोडा, १०.०.१३.०/३०, पुणे १ आणि कोल्हापूर २. तिला राखीव वाट समजा. पुण्यावर ३०.० साठी १०.०.१३.२ चा दुसरा स्टॅटिक रूट लिहा आणि शेवटी २०० हा आकडा द्या. कोल्हापूरवर १०.० साठी १०.०.१३.१ चा तसाच लिहा. हे फ्लोटिंग स्टॅटिक. साध्या स्टॅटिकचं अंतर (रूट किती भरवशाचा याचा आकडा, कमी तो वरचढ) १ असतं, त्यामुळे २०० वाला टेबलात दिसत नाही, मुख्य रूट गेला की तो वर येतो. (जोडलेलं नेटवर्क ०, स्टॅटिक १, ओएसपीएफ, म्हणजे राउटर आपसांत वाटा कळवतात तो प्रोटोकॉल, ११० हे तीन आकडे मात्र खरोखर पाठ हवेत.)

पुणे-सातारा केबल काढा. काढण्याआधी कागदावर लिहा: पुण्याच्या पीसीवरून कोल्हापूरच्या पीसीला जाणारा पिंग चालू राहील का?

बहुतेक जण ‘हो’ लिहितात. पुण्याचा इंटरफेस बंद पडला, मुख्य रूट टेबलातून गेला, २०० वाला वर आला. पॅकेट थेट लिंकवरून कोल्हापूरला पोचलंही. आता कोल्हापूरकडे बघा. त्याची साताऱ्याची लिंक शाबूत आहे, म्हणून त्याचा मुख्य रूट अजून तिथेच आहे. त्याने उत्तर साताऱ्याला दिलं. साताऱ्याची पुण्याकडची केबल तुटलेली, त्याचा १०.० चा रूट गेलेला. उत्तर साताऱ्यात संपलं. राखीव वाट दोन्ही टोकांना लिहिलेली असूनही पिंग बंद.

मग साताऱ्यावरही कोल्हापूरमार्गे राखीव रूट लिहावा असं वाटतं. लिहून बघा. कोल्हापूर म्हणतो पुण्याला जायचं तर साताऱ्याकडे जा, सातारा म्हणतो कोल्हापूरकडे जा. टीटीएल (पॅकेटला उरलेल्या टप्प्यांची मोजणी) संपेपर्यंत पॅकेट दोघांमध्ये फिरत राहतं. ‘ट्रेसरूट’ दिला की तेच दोन पत्ते आलटून पालटून येताना दिसतात. लूप म्हणजे काय हे पुस्तकात दहा वेळा वाचण्यापेक्षा ही यादी एकदा बघितलेली बरी.

याच लॅबचा दुसरा भाग. पुणे आणि सातारा यांच्यामध्ये दोन स्विच ठेवा आणि केबल त्या दोन स्विचच्या मधली काढा. खऱ्या जगात दोन शाखांमध्ये टेलिकॉम कंपनीची उपकरणं असतात, आणि तुटतं ते बऱ्याचदा त्यांच्या आत कुठेतरी. दोन्ही राउटरचे इंटरफेस अप-अप राहतात. मघाचं वाक्य आठवा: इंटरफेस चालू असला की रूटही टेबलात राहतो. मुख्य रूट हलत नाही, राखीव वर येत नाही. स्टॅटिक रूटला पलीकडचा जिवंत आहे की नाही हे कळायची सोयच नाही. ओएसपीएफसारखा प्रोटोकॉल का लागतो, याचं उत्तर इथे मिळतं, आणि ते स्वतः बघून मिळालेलं असतं.

आता सगळे स्टॅटिक रूट काढा आणि तिन्हींवर ओएसपीएफ एरिया ० लावा. सध्याच्या अभ्यासक्रमात राउटिंग प्रोटोकॉल म्हणून हाताने करायचा तो एवढाच. सीसीएनएची २०० डॅश ३०१ ही परीक्षा फेब्रुवारी २०२० मध्ये आली तेव्हा आरआयपी आणि ईआयजीआरपी या दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलची कॉन्फिगरेशन त्यातून गेली, आणि २० ऑगस्ट २०२४ पासूनच्या १.१ आवृत्तीतही ती परत आलेली नाही. तुमच्या पत्रकात त्यांच्या लॅब असतील तर आत्ता सोडून द्या. १२० मिनिटांच्या या परीक्षेत आयपी कनेक्टिव्हिटीचा वाटा २५ टक्के आहे, सहा भागांत सगळ्यात मोठा. आपण जे करतोय ते त्यातच येतं.

ओएसपीएफमधली ‘नेटवर्क’ ही कमांड नावामुळे फसवते. ती नेटवर्क जाहीर करत नाही. माझा कोणता इंटरफेस या पत्त्यांच्या टप्प्यात बसतो ते ती शोधते आणि त्या इंटरफेसवर ओएसपीएफ चालू करते. म्हणून इंटरफेसचा पूर्ण पत्ता आणि ०.०.०.० वाइल्डकार्ड (म्हणजे पत्ता तंतोतंत जुळावा) देऊनही ती चालते. प्रोसेसचा क्रमांक तिन्हींवर वेगवेगळा द्या, म्हणजे तो फक्त त्या राउटरपुरता असतो हे कायमचं कळेल. लॅनच्या इंटरफेसला ‘पॅसिव्ह’ करा, पीसींना हॅलो (राउटरांनी शेजारी ओळखायचे संदेश) पाठवून काही उपयोग नाही.

आता अंदाज लिहा. पुण्यावर ३०.० चं लॅन कोणत्या वाटेने दिसेल, आणि चौकटी कंसात कोणते दोन आकडे असतील? पहिला ११०. दुसरा म्हणजे वाटेची किंमत: थेट लिंकची १ आणि कोल्हापूरच्या लॅन इंटरफेसची १, मिळून २. साताऱ्यामार्गे ३ झाली असती. म्हणजे थेट वाट. टेबलात ११०/२ दिसलं की पुढचा प्रश्न: थेट लिंक गिगाबिट नसून १०० एमबीपीएसची असती तर? उत्तर तेच, ११०/२. ओएसपीएफ १०० एमबीपीएसला लिंकच्या वेगाने भागतो, आणि १ च्या खाली जात नाही. त्यामुळे मुळातल्या सेटिंगमध्ये १०० एमबीपीएस आणि गिगाबिट दोन्हींची किंमत १, आणि रहदारी दहापट हळू लिंकवरून जाते. तिन्ही राउटरवर ‘ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ १००००’ द्या आणि हिशेब पुन्हा करा. थेट वाट १०० अधिक १०, म्हणजे ११०. साताऱ्यामार्गे तीनदा १०, म्हणजे ३०. वाट बदलली. ही कमांड तिन्हींवर देता येते, तशी एकट्या पुण्यावर देऊनही बघा, आकडे कसे विचित्र होतात ते दिसेल. हा हिशेब बोटांवर जमला की परीक्षेतले टेबल वाचायचे प्रश्न सोपे वाटतात.

थेट लिंक क्षणभर बंद ठेवून मघाचा पुणे राउटरवरचा ‘सोर्स’ नसलेला पिंग पुन्हा द्या. आता तो काही न करता लागतो. का, ते मी सांगत नाही. कोल्हापूरचं टेबल उघडा आणि १०.०.१२.० शोधा.

थेट लिंक परत चालू करा आणि तिच्यात दोन स्विच घालून मधली केबल काढायचा प्रयोग इथेही करा, घड्याळ हातात घेऊन. हॅलो दर १० सेकंदांनी जातो, आणि ४० सेकंद एकही आला नाही की शेजारी मेला असं धरलं जातं. तेवढा वेळ पिंग बंद राहील आणि मग साताऱ्यामार्गे आपोआप चालू होईल. ते थांबलेलं अर्धं-पाऊण मिनिट स्वतः अनुभवा, हे दोन आकडे पुन्हा विसरणार नाहीत.

त्यानंतरचा आठवडा मोडतोडीचा. यात मित्र हवा. चालती फाइल त्याला द्या, तो तीन गोष्टी बिघडवेल, तुम्ही शोधायच्या. एकच नियम: ‘शो रनिंग-कॉन्फिग’ बंद. ती उघडली की आपण विचार सोडून ओळी ताडून बघायला लागतो, आणि दोनशे ओळींत चुकलेली ओळ डोळ्यांना दिसतच नाही. ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’, ‘शो आयपी रूट’, ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’, ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस’, ‘शो आयपी प्रोटोकॉल्स’, एवढ्यावर निदान करा. मित्राला सुचवा: एका टोकाला /३० आणि दुसऱ्याला /२९ मास्क, एकाचा एरिया १, एका बाजूचा हॅलो ५ सेकंदांवर, राउटरांमधल्या लिंकचाच इंटरफेस पॅसिव्ह, दोघांचा राउटर आयडी एकच. प्रत्येक वेळी शेजारी जमत नाही, पण लक्षणं थोडी वेगळी असतात, आणि ती वहीत तुमच्या शब्दांत, मराठीत, लिहून ठेवा. माझ्या वहीत ‘टू-वे वर थांबला म्हणजे बिघाड नव्हे’ असं एक वाक्य आहे. एकाच स्विचवर चार राउटर जोडले तर डीआर आणि बीडीआर (निवडलेला मुख्य आणि राखीव राउटर) सोडून उरलेले दोघं एकमेकांशी टू-वे वरच राहतात, म्हणजे ओळखतात पण पूर्ण शेजारी होत नाहीत, आणि तेच बरोबर असतं.

व्हीलॅनच्या (एकाच स्विचवरच्या वेगवेगळ्या आभासी लॅनच्या) लॅबमध्ये, म्हणजे एका केबलवर अनेक व्हीलॅनचं राउटिंग करताना, दोनच जागी अडकायला होतं. सबइंटरफेसवर आधी ‘एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू’ आणि मग आयपी. उलटं केलं तर राउटर आयपी घेतच नाही. आणि स्विचच्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या पोर्टवर) नवीन व्हीलॅन जोडताना ‘अलाऊड व्हीलॅन’ नंतर ‘ॲड’ हा शब्द. तो राहिला तर जुनी यादी पुसून फक्त नवा व्हीलॅन उरतो. लॅबमध्ये एक पीसी बंद पडतो, कामावर अख्खा मजला.

एनएटीमध्ये (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलताना) ‘इनसाइड’ आणि ‘आउटसाइड’ लिहायचं राहतं किंवा ‘ओव्हरलोड’ (अनेक पीसींना एकच बाहेरचा पत्ता) राहतो. दुसऱ्या चुकीत, बाहेरचा पत्ता एकच असेल तर, पहिला पीसी छान चालतो आणि दुसऱ्यापासून अडतं, म्हणून कमीत कमी तीन पीसी ठेवून तपासा. डीएचसीपी रिलेमध्ये (दूरच्या सर्व्हरकडून पीसींना पत्ते मिळवून देताना) ‘हेल्पर-ॲड्रेस’ पीसींच्या बाजूच्या इंटरफेसवर लागतो. सर्व्हर उत्तर त्याच इंटरफेसच्या पत्त्यावर पाठवतो, त्यामुळे सर्व्हरला त्या लॅनचा परतीचा रूट हवा. बघा, पुन्हा तिथेच आलो. आयपीव्ही६ मध्ये ‘आयपीव्ही६ युनिकास्ट-राउटिंग’ विसरू नका, आणि नेक्स्ट हॉप लिंक-लोकल असेल तर इंटरफेसचं नावही द्यावंच लागतं.

ॲक्सेस लिस्टबद्दल (कोणतं पॅकेट जाऊ द्यायचं याच्या यादीबद्दल) थोडं सविस्तर सांगते, कारण ते मी महागात शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका ग्राहकाच्या दूरच्या शाखेतल्या राउटरवर रविवारी रात्री मी एसएसएचवरून (दुरून लॉगिन करून) काम करत होते. वॅनच्या (शाखा बाहेरच्या नेटवर्कला जोडणाऱ्या) इंटरफेसवर आत येणाऱ्या दिशेला लिस्ट लावायची होती. लागणाऱ्या सगळ्या सेवा लिहिल्या, माझं एसएसएच पहिल्या ओळीत ठेवलं, लिस्ट लावली. सत्र चालूच राहिलं. मी निश्चिंत झाले. अर्ध्या मिनिटाच्या आसपास स्क्रीन गोठली. लिस्टच्या शेवटी न दिसणारा ‘बाकी सगळं नाकारा’ असतो, आणि मी ओएसपीएफला परवानगी दिलीच नव्हती. हॅलो आत येणं बंद झालं, शेजारी मेला, रूट गेले, आणि एसएसएचला परवानगी असूनही परत यायला वाट उरली नाही. सकाळी शाखा उघडल्यावर तिथल्या माणसाने राउटर बंद करून चालू केला आणि सगळं पूर्ववत झालं, कारण मी कॉन्फिगरेशन सेव्ह केलेलं नव्हतं. रात्रभर मात्र त्या शाखेचा संपर्क तुटलेला होता, आणि ते माझ्यामुळे.

तेव्हापासून दूरच्या राउटरवर असं काही करण्याआधी मी ‘रीलोड इन १०’ देते. दहा मिनिटांत सगळं ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’, आणि मगच सेव्ह. हीच चूक तुम्ही लॅबमध्ये मुद्दाम करा. थेट लिंक बंद ठेवा, पुण्याच्या पीसीवरून कोल्हापूरच्या १९२.१६८.३०.१ वर एसएसएच करा, साताऱ्याकडच्या इंटरफेसवर फक्त एसएसएचला परवानगी देणारी लिस्ट आत येणाऱ्या दिशेला लावा, आणि हात बाजूला घेऊन थांबा. नंतर लिस्टमध्ये ‘परमिट ओएसपीएफ एनी एनी’ घालून पुन्हा करा. आणखी एक गोष्ट यासोबत तपासा: राउटरने स्वतः तयार केलेलं पॅकेट बाहेर जाणाऱ्या दिशेच्या लिस्टमध्ये अडत नाही. म्हणून ‘आउट’ दिशेची लिस्ट राउटरवरूनच पिंग करून तपासली तर ती चालत नाही असं वाटतं. ती पीसीवरून तपासायची.

हा शेवटचा प्रयोग पॅकेट ट्रेसरऐवजी सिस्को मॉडेलिंग लॅब्समध्ये करा. पॅकेट ट्रेसर राउटरची नक्कल करतो, त्यात निवडक कमांडच असतात आणि सगळ्या बारीकसारीक वागणुकी खऱ्यासारख्या असतीलच असं नाही. मॉडेलिंग लॅब्समध्ये खरं सॉफ्टवेअर चालतं, आणि मोफत आवृत्तीत एका वेळी ५ नोड चालवता येतात. आपल्या त्रिकोणाला ते पुरेसे आहेत. लॅपटॉपला मेमरी भरपूर लागते, तेवढी नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये विचारा. जीएनएस३ हा दुसरा प्रोग्रॅमही उत्तम आहे, पण त्यात लागणाऱ्या सिस्कोच्या इमेज परवान्याच्या असतात, कुठूनही उतरवून घेऊ नका. आणि परीक्षेतले प्रश्न म्हणून ज्या फाइली फिरतात त्यांना हात लावू नका. ते परीक्षेच्या कराराविरुद्ध आहे, आणि नोकरीच्या मुलाखतीत तीन राउटर काढून दिले की पाच मिनिटांत उघडं पडतं.

खऱ्या राउटरला एकदा हात लावायची संधी मिळाली तर दोन गोष्टी करून घ्या. कन्सोल केबल जोडून ९६०० च्या वेगाने स्क्रीन आणा. आणि पासवर्ड विसरलेला राउटर उघडा: सुरू होताना ब्रेक, रॉममॉनमध्ये (राउटरच्या बूट मोडमध्ये) रजिस्टर ०एक्स२१४२ (सेव्ह केलेलं कॉन्फिगरेशन वगळून सुरू होण्यासाठी), मग जुनं कॉन्फिगरेशन परत आणणं, नवा पासवर्ड, आणि रजिस्टर पुन्हा ०एक्स२१०२ वर. शेवटची पायरी राहिली तर पुढच्या वेळी वीज गेली की राउटर कोरा उठतो. एका दुपारचं काम आहे, त्यासाठी राउटर विकत घ्यायची गरज नाही.

रोज दीड-दोन तास मिळत असतील तर त्रिकोण दर दिवशी कोऱ्या फाइलवर नव्याने उभा करा, कालची फाइल उघडू नका. सुरुवातीला तास जाईल. पत्ते, ओएसपीएफ, एसएसएच आणि सेव्ह, एवढं कागद न बघता अर्ध्या तासात व्हायला लागलं की लॅबच्या प्रश्नांची भीती राहत नाही. कोरी टोपोलॉजी उघडल्यावर पहिली कमांड कोणती, हा तुमचा मूळ प्रश्न. पहिली कमांड नाहीच. आधी कागदावर पत्ते, मग प्रत्येक राउटरला कोणती नेटवर्क माहीत नाहीत त्यांची यादी, आणि मग कीबोर्ड. परीक्षेत पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे येता येत नाही, म्हणून ‘नेक्स्ट’ दाबण्याआधी पडताळणीची ‘शो’ कमांड द्या, आणि सेव्ह करायला सांगितलं असेल तर सेव्ह करा.

आज रात्री फक्त स्टॅटिकचा भाग करा, पाच टिंबं येईपर्यंत. आल्यावर कोल्हापूरचं टेबल आणि तुमचा कागद, दोन्हींचे फोटो मला पाठवा. अडलात तर पॅकेट कोणत्या राउटरपर्यंत पोचलं असं तुम्हाला वाटतं तेही लिहा. तिथून पुढचं आपण बघू.